उताराच्या ग्रीनवर होल कापताना

आमच्या गोल्फच्या मैदानात तिसऱ्या ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, त्या दिवशी एक डॉक्टरबाई खेळत होत्या, वय सत्तरीच्या पुढे. होल चार फुटांवर, थोडा चढ. त्यांनी नीट, सरळ पट मारला, म्हणजे चेंडू घरंगळत होलात घालायचा हलका फटका. चेंडू होलाच्या ओठाला लागला, थबकला आणि मागे फिरून त्यांच्या पायाशी येऊन थांबला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा चेंडू त्यांच्याही पुढे खाली घरंगळला. बाईंनी वाकून तो उचलला, खिशात टाकला आणि एक शब्द न बोलता पुढच्या टीकडे, पुढच्या होलाचा पहिला फटका मारायच्या जागेकडे, निघाल्या. ग्रीनवर होलाची जागा बदलत ठेवतात, जुना बुजवून नवा कापतात. तो होल मी कापला होता. आदल्या संध्याकाळी समितीतल्या एकाने सांगितलं होतं, "उद्या जरा रडवू सगळ्यांना," आणि मी मान डोलावली होती.

आमचं मैदान नऊ होलचं. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीवरच्या सड्यावर. खाली जांभा, वर भरावाची लाल माती आणि वाळू. नऊपैकी सहा ग्रीन खाडीच्या बाजूला कललेल्या आहेत. अशा जागी होल कापणाऱ्याच्या हातात फार मोठी गोष्ट असते, कारण गोल्फच्या नियमांत 'बेकायदा होल' असं काही नसतंच. होलाचा व्यास ४¼ इंच, खोली किमान ४ इंच, आत डबा बसवला तर त्याचा काठ जमिनीच्या किमान १ इंच खाली, एवढं नियमात आहे. होल ग्रीनवर कुठे असावा यासाठी सूचना आहेत, सल्ले आहेत, पण बंधन नाही. म्हणजे खेळणाऱ्याला दाद मागायला जागा नाही. जे काय भान ठेवायचं ते पहाटे होल कापायचं कटर हातात घेतलेल्या माणसानेच.

ही चूक मोठमोठ्या ठिकाणीही झाली आहे. १९९८ ची यूएस ओपन ही अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर होती. दुसऱ्या दिवशी अठराव्या ग्रीनवर होल उतारावर होता. पेन स्टुअर्टचा आठेक फुटांचा पट होलाशेजारून गेला आणि थांबायचं नाव घेईना. पंचवीसेक फूट दूर जाऊन थांबला. ती स्पर्धा तो एका फटक्याने हरला. २०१८ मध्ये हीच स्पर्धा शिनेकॉक हिल्सच्या मैदानावर असताना तिसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला, ग्रीन वाळल्या, आणि तेराव्या ग्रीनवर फिल मिकलसनने उतारावरून पळणारा आपला चेंडू धावत जाऊन चालता असतानाच मारला. संध्याकाळी आयोजकांनी कबूल केलं की काही होल नको तिथे लागले होते. त्यांच्याकडे मोजायची सगळी साधनं होती. सकाळी केलेला हिशोब दुपारी उरला नाही, एवढंच. कोकणात तर हे रोजचं आहे, म्हणून सगळ्यात आधी वाऱ्याबद्दल सांगतो.

थंडीच्या दिवसांत पहाटे आमच्याकडे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, अगदी हलका. ग्रीनवर दव इतकं की चालल्यावर पावलं उमटतात. अशा ग्रीनवर चेंडू हाताने सोडून पाहिला तर कुठेही थांबतो. अकराच्या सुमाराला वारा फिरतो आणि खारा वारा सुरू होतो. तीन वाजेपर्यंत ग्रीनचा वरचा थर कोरडा खडखडीत. सकाळी ७ फूट चालणारी ग्रीन तेव्हा ९ फूट चालते. म्हणून होल कापताना मनात घड्याळ दुपारी तीनचं लावायचं. पहाटे चेंडू जेमतेम थांबतोय असं दिसलं तर ती जागा सोडून द्या. दुपारी तिथे थांबणार नाही.

हे 'फूट चालणं' म्हणजे काय ते नव्या लोकांसाठी. स्टिम्पमीटर नावाची ३६ इंचांची खोबणीची पट्टी असते. तिच्या खाचेत चेंडू ठेवून पट्टी हळूहळू उचलायची, चेंडू आपोआप सुटतो आणि दर वेळी त्याच वेगाने ग्रीनवर येतो. तो जितके फूट जाईल तितका ग्रीनचा वेग. मोजायला सपाट जागा लागते. आमच्यासारखी कललेली ग्रीन असेल तर एकदा उताराला सोडा, एकदा त्याच रेषेत चढाला. दोन्ही अंतरांचा गुणाकार करा, दुप्पट करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. नुसती सरासरी काढली तर ग्रीन आहे त्याहून वेगवान दिसते.

आता उतार आणि वेग एकमेकांना कसे वाढवतात ते बघा. सपाट जागी ८ फूट जाणारा चेंडू, तेवढ्याच जोराने ३ टक्के उतारावर सोडला तर हिशोबाने साडेअकरा फुटांच्या आसपास जातो. ५ टक्के उतारावर १६ फुटांच्या पुढे. ग्रीनचा वेग १० फूट केला की त्याच ५ टक्क्यांवर २७ फूट. उतार तोच, गवत थोडं बारीक कापलं एवढाच फरक, आणि होलापासून दोन बोटं चुकलेला पट ग्रीनबाहेर जातो. समितीत दरवर्षी कोणीतरी म्हणतं की ग्रीन टीव्हीवर दिसतात तशा वेगवान करा. मी त्यांना हे आकडे दाखवतो. आमच्या उतारांवर वेग वाढवला तर होल कापायला जागाच उरत नाही, हे कागदावर दिसलं की पटतं.

उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. माझे बाबा गवंडी होते, चिऱ्याच्या भिंती बांधायचे. त्यांची एक मीटरची ॲल्युमिनियमची फंटी, म्हणजे सरळ दांडी, आणि पाणसळ मी अजून वापरतो. फंटी उताराच्या दिशेने ग्रीनवर ठेवायची, वर पाणसळ. खालचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचलायचं आणि टोकाखालची फट पट्टीने मोजायची. फट ३ सेंटिमीटर तर उतार ३ टक्के, ५ तर ५. गणित काहीच नाही. पण मोजायचं, डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. सगळा डोंगरच खाडीकडे उतरत असेल तर त्यावरची तिरकी ग्रीन डोळ्याला सपाट वाटते. तिसऱ्या ग्रीनवरचा तो होल मला 'थोडासा चढ' वाटला होता. दुसऱ्या दिवशी फंटी लावली तेव्हा फट निघाली ९ सेंटिमीटर.

माझी मर्यादा अशी: होलाभोवती एक मीटरच्या घेरात ३ टक्क्यांहून जास्त उतार नको. पावसाळ्यानंतर ग्रीन ७ फुटांवर असतात तेव्हा ४ चालतो. ९ फुटांच्या पुढे गेल्या तर अडीचवर थांबतो. आणि त्या घेरात उताराची दिशा बदलायला नको. एका बाजूने डावीकडे, दुसऱ्या बाजूने उजवीकडे असा होल उंचवट्याच्या माथ्यावर बसलेला असेल तर फंटी २ टक्के दाखवत असूनही तो अन्यायाचाच, कारण चुकलेला प्रत्येक चेंडू होलापासून लांबच जाणार.

फंटीनंतर चेंडू. जागा ठरली की जमिनीवर खूण करा आणि वरच्या बाजूने, दहा-बारा फुटांवरून, खुणेपाशी जेमतेम पोचेल असा चेंडू हाताने सोडा. खुणेच्या पुढे गेला तर एका पावलाच्या आत थांबला पाहिजे. मग दोन्ही बाजूंनी. शेवटी खालून, मुद्दाम एक हात कमी पडेल असा. तो जिथे थांबतो तिथेच राहिला पाहिजे, मागे फिरायला नको. मागे फिरला तर खूण पुसून टाका, दुसरी जागा बघा. माझ्याबरोबरचा मुलगा सुरुवातीला म्हणायचा, "दादा, एवढे चेंडू सोडत बसलो तर नऊ ग्रीन कधी व्हायच्या?" एका ग्रीनला चार मिनिटं लागतात. ती द्यायची.

गवताची लव विसरू नका. आमच्या ग्रीन हरळीच्या आहेत. गणपतीला वाहतो त्या दूर्वेचंच हे गवत, गोल्फमध्ये त्याला बर्म्युडा म्हणतात. हरळी आडवी पसरते आणि पाती एका दिशेला झोपतात. लवेबरोबर चेंडू पळतो, लवेविरुद्ध अडखळतो. कळायला सोपं आहे: ग्रीन चकचकीत दिसते त्या दिशेला लव, गडद दिसते तिकडून विरुद्ध. जुन्या होलाची कडा बघा, जी बाजू विस्कटलेली असते, तिकडे लव चालली आहे. लव आणि उतार एकाच दिशेला असतील तर मी ३ टक्क्यांची मर्यादा अडीचवर आणतो.

कडेपासून अंतर किमान चार पावलं. पलीकडे बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, असेल किंवा कड खाली पडत असेल तर सहा-सात. लांबून फटका येणार असेल तर आणखी आत. आधीच्या होलापासून पंधरा फूट तरी दूर जा, म्हणजे तुडवलेल्या जागेला उसंत मिळते. नऊच्या नऊ होल अवघड लावायचे नाहीत. तीन सोपे, तीन मध्यम, तीन कठीण. डावे-उजवे, पुढचे-मागचेही वाटून. कठीण म्हणजे बंकरच्या जवळ, किंवा अरुंद भागात. धाडस करणाऱ्याला धोका आणि जपून खेळणाऱ्याला वाट, दोन्ही असलेला. चांगला फटका मारूनही शिक्षा होते त्याला कठीण म्हणत नाहीत.

प्रत्यक्ष कापताना कटर ओळंब्यात धरा, उताराला काटकोनात नाही. झेंड्याची काठी सरळ उभी राहिली पाहिजे. ३ टक्के उतारावर वरचा ओठ खालच्यापेक्षा साधारण ३ मिलिमीटर उंच राहतो, तो तसाच राहू द्या. दाबून सारखा करायला गेलात तर कडेला उंबरठा तयार होतो आणि आत जाणारा चेंडू उडतो. काढलेली ढेप जुन्या होलात बसवताना तिचा माथा आजूबाजूच्या गवताशी बरोबर हवा. खाली बसली तर खड्डा, वर राहिली तर गवत कापायच्या मोअरने सोलवटते. कड हाताने दाबा, एक तांब्या पाणी घाला.

पावसाळ्यात हिशोब बदलतो. ग्रीन मऊ, चेंडू पडेल तिथे रुततो, उताराची भीती कमी. तेव्हा बघायचं ते पाणी. खोलगटात होल लावला की तासाभरात डबा भरतो. पण पावसाचा मोठा उपयोग वेगळाच आहे. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन ग्रीनच्या कडेला उभे राहा. पाणी कुठून कुठे धावतं, कुठे फाटतं, कुठे पसरून हळू होतं ते कागदावर उतरवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही घालून मी दोन पावसाळे हे केलं. पाणी पसरून हळू होतं त्या जागा नंतर फंटीने तपासल्या, तर बहुतेक दोन-अडीच टक्क्यांच्या निघाल्या.

त्यावरून प्रत्येक ग्रीनचा नकाशा केला, एक मीटरच्या चौकटी आखून. ३ टक्क्यांपर्यंत हिरवी पेन्सिल, त्यापुढे लाल. तिसऱ्या ग्रीनचा जेमतेम चौथा हिस्सा हिरवा आला. एवढ्याशा जागेत होल फिरवत राहिलं की गवत मरतं. समितीसमोर कागद ठेवला. त्या ग्रीनचं गवत बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर उंच ठेवायची परवानगी मिळाली, त्यामुळे ती हळू झाली आणि साडेतीन टक्क्यांच्या चौकटीही वापरता येऊ लागल्या. वरच्या अंगाचा उंचवटा उतरवून घ्यायचं काम पुढच्या मोसमात करायचं ठरलं आहे.

स्पर्धेच्या दिवशी एकदा फेरी सुरू झाली की होल हलवता येत नाही, सगळ्यांना एकच जागा मिळाली पाहिजे. म्हणून त्या दिवशी संशय आला तर दोन पावलं सपाटीकडे सरका. एरवीच्या दिवशी मात्र मी तीन वाजता खिशात दोन चेंडू घेऊन सगळ्या ग्रीनवर फिरतो, सकाळचीच चाचणी पुन्हा करतो. जे निघेल ते वहीत: तारीख, ग्रीन, समोरच्या कडेपासून पावलं, डावी-उजवी पावलं, उतार, वारा, चेंडू थांबला की नाही. तिसऱ्या ग्रीनच्या पानावर खाडीच्या अंगाला लाल शाईचा एक गोल आहे, शेजारी डॉक्टरबाईंच्या त्या दिवसाची तारीख. त्या गोलात कटर परत गेलेला नाही.