पिगटेल टाकल्यानंतरचे दिवस

अन्ननलिकेच्या किंवा फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर ताप चढतो, सीटीत छातीत पू साठलेला दिसतो आणि सर्जरीवाल्यांचा फोन येतो: पिगटेल टाका, म्हणजे पू बाहेर काढणारी, टोकाशी वळलेली बारीक नळी. बरगडीच्या वरच्या कडेवरून शिरायचं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) दीडच्या आत, प्लेटलेट ५० हजारांच्या वर, हे तुम्हाला पाठ असेलच. कण्याजवळून शिरताना मात्र वरच्या कडेच्या नियमावर विसंबू नका. तिथे धमनी बरगडीच्या आडोशाला नसते, दोन बरगड्यांच्या मधूनच जाते. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावल्याशिवाय सुई उचलू नका. ट्रोकारने (नळीतल्या टोकदार दांड्याने) एका दमात नळी घुसवणं मला छातीत पटतच नाही. सुईतून सरकवलेल्या वायरवरूनच जा. सुरुवातीला हात थरथरतो, सगळ्यांचाच. तो बसतो.

रेसिडेन्सीत मला खरं छळलं ते आउटपुटच्या, म्हणजे नळीतून दिवसाला किती बाहेर आलं त्याच्या आकड्याने. नळी मोकळी ठेवायला दर आठ तासांनी १० मिली सलाइनचा फ्लश, म्हणजे दिवसाला ३० मिली आपणच आत सोडतो. चार्टवर ४० दिसले तर त्यातला पू फार तर १०. वजाबाकी कुणी करत नाही, ती तुम्ही करा. आणि ‘निल’ लिहिलं असेल तर? राऊंडला सगळे खूश, ‘ड्राय झाला, काढून टाक.’ थांबा. ताप उतरलाय? पांढऱ्या पेशींचे काउंट खाली आलेत? नसतील तर पू संपलेला नाही, बहुधा नळी बंद पडली आहे.

खाटेजवळ जा, ड्रेसिंग सोडा. थ्री-वेचा (नळीवरच्या तीन तोंडांच्या तोटीचा) नॉब रात्रीच्या फ्लशनंतर बंदच राहिलेला सापडतो, नाहीतर नळी कातडीपाशी मुडपलेली. सिरिंज लावून आधी हलकेच ओढा. फायब्रिनचा (गोठलेल्या प्रथिनाचा) पांढरट गोळा आला की मागून पू धावतो. सलाइन अडलं तर जोर करू नका. नळी मोकळी आणि तरी ताप असेल तर सोनो करा. सीटीत न दिसलेले पडदे सोनोत दिसतात. टोक एका कप्प्यात, पू शेजारच्यात. मग दुसरी नळी लागते, त्यात कमीपणा नाही.

‘ऑर्डर लिही, सिस्टर बघतील’ म्हणणाऱ्या सीनिअरपेक्षा संध्याकाळी स्वतः फ्लश करणाऱ्या सरांच्या मागे फिरा.

नळीतून हवेचे बुडबुडे येत असतील तर क्लॅम्प लावून ती बंद करणं अजिबात नको. अंडरवॉटर सीललाच (जिच्यात नळीचं टोक पाण्याखाली राहतं त्या बाटलीला) जोडा आणि सर्जनला लगेच कळवा.

नळी काढायची ती फ्लश वजा जाता दिवसाला १० मिलीच्या आत, ताप नाही आणि स्कॅनमध्ये पोकळी मिटलेली, तिन्ही जुळल्यावर. अन्ननलिकेचा जोड गळत असेल तर याला आठवडे लागतात. नातेवाइकांना हे पहिल्याच दिवशी सांगा.