‘चवीनुसार मीठ’ म्हणजे किती? पाककृती आपल्या घराला अशी बसवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत आता पुण्या-मुंबईच्या आणि धारवाड-बेंगळुरूच्याही पाककृती मोबाईलवर बघून केल्या जातात. कृती बरोबर असते, करणारीचा हातही चांगला असतो, तरी रस्सा जळजळीत होतो नाहीतर डाळ अर्धीकच्ची राहते. कृतीतले आकडे लिहिणाऱ्याच्या घरची वाटी, तिखट आणि पाणी धरून आलेले असतात. ते आपल्या घराला बसवून घ्यावे लागतात.

१. गॅस पेटवण्याआधी कृती शेवटपर्यंत वाचा. भिजवणं, आंबवणं, मुरवणं कुठे लपलंय ते बघा.

२. घरातली एकच वाटी धरा. कृतीतला कप बहुधा 240 मिलीचा असतो, आपली आमटीची वाटी त्याहून लहान. पण सगळंच एका वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते कप आणि ग्रॅम मिसळले की. एक कप साखर साधारण 200 ग्रॅम भरते, तेवढ्याच कपात कणीक 120-130 ग्रॅमच बसते. मोठा चमचा 15 मिलीचा आणि छोटा 5 मिलीचा. पोह्याचा चमचा यांपैकी कोणता, ते एकदा पाणी मोजून बघून ठेवा.

३. तिखटाचा आकडा कधीही जसाच्या तसा घेऊ नका. आपल्याकडे सगळ्यात जास्त पदार्थ इथेच फसतात. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी चांगलीच झणझणीत. ‘दोन चमचे लाल तिखट’ लिहिणाऱ्याने ब्याडगी धरली असेल आणि तुमच्या डब्यात संकेश्वरी असेल, तर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा. रंग हवा असेल तर थोडी ब्याडगी वेगळी घाला. घरची कांदा-लसणाची चटणी वापरणार असाल तर तिच्यात आधीच मीठ, खोबरं, गरम मसाला असतो. तेव्हा कृतीतलं मीठ आणि गरम मसाला दोन्ही कमी करा. आणि तिखट फोडणीत टाकताना आच बारीक ठेवा. करपलेलं तिखट कडू लागतं, ते मागाहून काही केल्या सुधारत नाही.

४. मिनिटांपेक्षा खूण बघा. ‘तेल सुटेपर्यंत परता’ म्हणजे कांदा-टोमॅटोतलं पाणी आटेपर्यंत. आधी मसाला पचपच उडतो, मग आवाज बसतो. उलथनं ओढलं की कढईचा तळ क्षणभर दिसतो आणि कडेला तेलाची बारीक रेघ येते. तिथवर पाच मिनिटं लागतील किंवा पंधरा. कांदा किती रसाळ आहे त्यावर ते आहे.

५. डाळ शिजत नसेल तर चार गोष्टी तपासा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, त्यामुळे इथं पाणी 100 अंशांच्या दोन-अडीच अंश अलीकडेच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळीला जास्त वेळ द्यावाच लागतो. कुकरमध्ये ही अडचण बरीचशी मिटते. बोअरचं पाणी जड असेल तर डाळ टणक राहते, तेव्हा साधं पिण्याचं पाणी घ्या. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घाला, कारण आंबटात डाळीची सालं आणि दाणा लवकर सैल होत नाही. आणि डाळ फार जुनी असेल तर तिला रात्रभर भिजवण्याला पर्याय नाही.

६. भाकरी चिरत असेल तर हाताला दोष देऊ नका. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. उकळतं पाणी घालून पीठ झाका, जरा निवलं की चांगलं मळा.

७. मीठ शेवटी पुरं करा. किलोभर रश्श्याला साधारण दोन सपाट छोटे चमचे पुरतात. त्यातलं पाऊण आधी घाला, बाकीचं रस्सा आटून हवा तेवढा दाट झाल्यावर चाखून. जास्त झालंच तर बटाट्याच्या भरवशावर राहू नका. बटाटा मीठ शोषतो तसं पाणीही शोषतो, खारटपणा फारसा हलत नाही. त्यापेक्षा बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा वाटलेलं ओलं खोबरं आणि गरम पाणी घालून रस्सा वाढवा, आणि एक उकळी आली की पुन्हा चाखा.