कर्नल अपडेट: रीबूट आज रात्री की रविवारी पहाटे?

लिनक्स सर्व्हरवर कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) नवं पॅकेज बसवलं तरी रीबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल चालतो. चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी 'यूनेम -आर' ही कमांड देऊन खात्री करा. उबुंटूवर '/वार/रन/रीबूट-रिक्वायर्ड' ही फाईल दिसली, तर रीबूट बाकी आहे.

घाई किती, हे मशीनवर परका कोड कोण चालवू शकतो यावर ठरतं. मार्च २०२२ मध्ये उघड झालेल्या 'डर्टी पाइप' या कर्नलमधल्या त्रुटीमुळे साधा युजर थेट रूट (सर्वाधिकारी) होत होता. शेअर्ड होस्टिंग (एका मशीनवर अनेक ग्राहक) किंवा सीआय रनर (कोडच्या चाचण्या आपोआप चालवणारं मशीन) असेल, तर असा पॅच त्याच रात्री. फायरवॉलमागचा, दोघांचंच लॉगिन असलेला डेटाबेस रविवारपर्यंत थांबू शकतो.

९९.९ टक्के अपटाइम (सेवा चालू असण्याचा वेळ) कबूल केलाय? मग ३० दिवसांत ४३ मिनिटं हातात आहेत. व्हर्च्युअल मशीन बहुधा मिनिटाभरात उठतं. भरपूर रॅमचा फिजिकल सर्व्हर फर्मवेअरच्या (हार्डवेअरमधल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) तपासणीतच कित्येक मिनिटं खातो. आपल्या मशीनला किती लागतात ते घड्याळ लावून मोजा. लाइव्हपॅचने (चालत्या कर्नललाच पॅच लावून) रीबूट लांबवता येतो, टळत नाही: डेटाची रचना बदलणारे पॅच त्यात सहसा बसत नाहीत.

खरा डाउनटाइम मात्र मशीन परत न आल्याने होतो. आधी 'डीएफ -एच /बूट' देऊन कर्नलच्या फाइल्स असलेल्या /बूटमधली मोकळी जागा बघा. जागा संपली की इनिटरॅमएफएस (सुरुवातीला डिस्क शोधून देणारी फाईल) अर्धवट बनतं आणि मुख्य सिस्टिम असलेली रूट डिस्कच सापडत नाही. झेडएफएस (फाइल सिस्टिम) किंवा एनव्हिडियाचं (ग्राफिक्स कार्ड) मॉड्यूल असेल, तर अशी मॉड्यूलं प्रत्येक कर्नलसाठी बनवणाऱ्या डीकेएमएसच्या 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' आलंय ना, तेही पाहा.

मग ग्रबमध्ये (बूट होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' करा, कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' घाला आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नल कायम ठेवा, 'ग्रब-रीबूट'ने नवा फक्त एकदाच निवडा. नवा पॅनिक झाला, म्हणजे कोसळून थांबला, तर १० सेकंदांनी मशीन आपोआप जुन्यावर येतं. सिस्कटलमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जची फाईल) लिहिलेलं पॅनिक इथे कामाचं नाही, ते फार उशिरा वाचलं जातं. /बूट एलव्हीएमवर (डिस्कचे लवचिक भाग करणारी व्यवस्था) असेल, तर ग्रबला ती एकदाची निवड पुसता येत नाही, आणि मशीन पुन्हापुन्हा त्याच नव्या कर्नलवर आपटतं. तिथे रिमोट कन्सोल (मशीन सुरू नसतानाही दुरून स्क्रीन दाखवणारी सोय) उघडा ठेवूनच हात घाला.

वर्षभर बंद न झालेलं मशीन असेल, तर अपडेटआधी जुन्याच कर्नलवर एकदा रीबूट करा. दोनदा थांबावं लागतं खरं, पण एफएसटॅबमधली (डिस्क जोडण्याची यादी) चुकलेली ओळ किंवा 'इनेबल', म्हणजे आपोआप सुरू होण्यासाठी चालू, करायची राहिलेली सर्व्हिस तेव्हाच उघडी पडते. कर्नलला उगाच बोल लागत नाही.