गणपतीआधी मशीन उठवायचंय: मोटरी आणि वायरींची तयारी

गणपतीला महिना उरला की आमच्या इंदूरच्या रामबागेत फोन सुरू होतात, काका मखराची जाळी कापून द्याल का, महिरप होईल का, आणि आमचं सीएनसी मशीन (कॉम्प्युटरने दिलेल्या आकड्यांवर फिरत्या बिटने लाकूड कापणारं) बिचारं होळीपासून गच्चीवरच्या खोलीत चादरीखाली झोपलेलं. गेल्या वर्षी मी चादर काढली, स्विच टाकला आणि थेट एमडीएफची (दाबलेल्या लाकडाची) शीट चढवली, अर्ध्या जाळीत वाय अ‍ॅक्सिस (मागे-पुढे जाणारी दिशा, तशी एक्स आडवी आणि झेड वर-खाली) सरकला, मोदकाचा भोपळा झाला आणि शीट गेली ती गेलीच. म्हणून यंदा सगळं लिहून ठेवतोय. मशीन घरीच जुळवलेलं आहे, ऊनो (मशीन चालवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड), त्यावर सीएनसी शील्ड (मोटरी आणि स्विच जोडायचा वरचा बोर्ड), ए४९८८ ड्रायव्हर (मोटरीला करंट देणारा छोटा बोर्ड), नेमा १७ मोटरी (स्टेप-स्टेपने फिरणाऱ्या), टी८ स्क्रू (फिरून मशीन सरकवणारा आट्यांचा दांडा) आणि जीआरबीएल (ऊनोत भरलेला प्रोग्राम), ज्यांच्याकडे असंच काहीतरी आहे त्यांना ही यादी बरीचशी जशीच्या तशी चालेल. आणि क्रम सोडू नका, आधी वायर मग सेटिंग, कारण मी गेल्या वर्षी दोन रात्री सेटिंगचे आकडे खालीवर करण्यात घालवल्या आणि दोष निघाला एका स्क्रूत.

सामान आधी आणून ठेवा, मधेच उठून महाराणी रोडच्या बाजारात पळायची पाळी नको. मल्टिमीटर (सेल नवा घाला, उतरलेल्या सेलवर तो काहीही आकडे दाखवतो), पिन लग (तारेच्या टोकाला दाबायची धातूची टोपी), हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), काळा पर्मनंट मार्कर, अ‍ॅलन की आणि दोन ड्रायव्हर जास्तीचे. ते दोन लागतातच.

प्लग काढलेला असतानाच प्रत्येक वायर बोटाने ओढून बघायची, हळू पण खरंच ओढायची. स्क्रू टर्मिनलमधे तारेच्या टोकाला सोल्डर लावून घट्ट केलं असेल तर ते कापून टाका आणि पिन लग दाबा, कारण सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत तोच स्क्रू सैल लागतो. केबल जिथे सारखी वाकते तिथे आतली तार तुटलेली असू शकते आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही, त्यामुळे मल्टिमीटर बीपवर लावून एकाने केबल हलवायची आणि दुसऱ्याने कान द्यायचा, बीप मधेच अडखळली तर केबल बदला, टेप गुंडाळून दिवस काढू नका. त्याच वेळी सॉकेटचं अर्थिंगही बघून घ्या, फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोनेक व्होल्ट दिसायला हवेत. जुन्या घरांत तिसरं भोक बऱ्याचदा नुसतं शोभेचं असतं, आणि भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमच्या पाइपात स्टॅटिक साठून तो बोर्डात शिरला की ऊनो मधेच लटकतो.

मोटरीच्या चार तारांत जोड्या कोणत्या ते रंगावरून ठरवू नका भिया, रंगांचा काही भरवसा नाही. मोटर सुटी करा, शाफ्ट बोटांनी फिरवा, सहज फिरतो. आता कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवून परत फिरवा, शाफ्ट जड झाला, खटखट अडकायला लागला की ती एक कॉइल, राहिलेल्या दोन तारांची दुसरी. मला हा प्रकार अजूनही जादूसारखा वाटतो, लहान मुलांना करून दाखवतो मी. मोटर नुसती गुरगुरत जागच्या जागी थरथरत असेल तर नव्वद टक्के जोडी चुकलीय. तयार केबलमधे मधल्या दोन तारा अदलाबदल करून आलेल्याही मी बघितल्यात, त्यामुळे केबल बदलली की ही परीक्षा परत. मोटर उलटी फिरली तर घाबरायचं कारण नाही, एकाच जोडीच्या दोन तारा उलट्या करा नाहीतर जीआरबीएलच्या $३ या सेटिंगमधे त्या अ‍ॅक्सिसचा आकडा घाला, एक्सचा १, वायचा २, झेडचा ४, दोन उलटे असतील तर बेरीज.

पॉवर चालू असताना मोटरीचा कनेक्टर काढायचा नाही, घालायचाही नाही. मी एकदा काढला, बारीकसा टिक आवाज आला आणि ड्रायव्हर गेला, बस एवढंच. ड्रायव्हर बसवताना छोट्या पॉटच्या (करंट कमी-जास्त करायच्या पेचाच्या) दिशेवरून जाऊ नका, ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ यांचे पॉट उलट टोकांना असतात, शील्डवर ईएन (इनेबल पिन) कुठे लिहिलंय ते बघून ड्रायव्हरचा ईएन तिथेच आणा.

करंट लावायचा तो असा, ए४९८८ वरच्या काळ्या रेझिस्टरवर आर१०० असेल तर अँपिअर गुणिले ०.८ इतके व्होल्ट पॉटवर हवेत, म्हणजे १ अँपला ०.८ व्होल्ट, आर०५० असेल तर त्याच्या निम्मे. पंख्याशिवाय १ अँपच्या वर जाऊ नका. मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली तरी ती लगेच बिघडली असं नसतं, पण ड्रायव्हर तापून बंद-चालू होत असेल तर स्टेप्स सुटतात आणि काम हळूच सरकतं, हे लक्षात यायला मला एक अख्खी रात्र लागली.

ड्रायव्हरखालचे तीन जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) उचकून बघा. तिन्ही लावले की ए४९८८ ला एक सोळांश स्टेप मिळते, म्हणजे मोटरीच्या एका स्टेपचे सोळा भाग, त्याच जागी डीआरव्ही८८२५ घातला की एक बत्तीसांश होते आणि मशीन १०० मिलीमीटर म्हटलं की ५० च जातं. हिशोब सोपा आहे, मोटरीच्या एका फेऱ्याच्या २०० स्टेप्स गुणिले १६ म्हणजे ३२००, आणि टी८ चा स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलीमीटर सरकतो, म्हणून $१००, $१०१, $१०२ मधे (एक्स, वाय, झेडच्या दर मिलीमीटर स्टेप्स) ४००. स्क्रूवरच्या मशीनला हा हिशोबाचा आकडाच ठेवा, पट्टी धरून ४०३ नाहीतर ३९८ करत बसू नका, तेवढी चूक तुमच्या डोळ्याची आणि पट्टीची असते.

आता तो स्क्रू, ज्याने माझा वाय सरकला. मोटरीचा शाफ्ट आणि कपलर (शाफ्टला टी८ स्क्रू जोडणारी नळी) यांच्यावरून आडवी जाणारी एक काळी रेघ मार्करने ओढा, तीनही अ‍ॅक्सिसला. मग अर्धा तास मशीन चालवा आणि परत बघा. रेघ जुळलेली असेल तर कपलरची मोटरीकडची बाजू निर्दोष, शाफ्टवरची आणि कपलरवरची रेघ एकमेकींपासून केसभर जरी सरकली असेल तरी कपलरचा छोटा स्क्रू सैल आहे, अ‍ॅलन कीने कसा. माझी जवळजवळ पाव फेरा सरकली होती आणि मी तिकडे अ‍ॅक्सिलरेशन कमी करत बसलो होतो.

लिमिट स्विचमधे (मशीन टोकाला पोचलं हे सांगणारा स्विच) एक गंमत आहे. जीआरबीएलच्या ०.९ पासून झेडची लिमिट ऊनोच्या डी१२ पिनेवर गेली आणि डी११ स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या मोटरीला), पण जुन्या शील्डवर नावं पहिल्यासारखीच छापलेली असतात, त्यामुळे झेडचा स्विच शील्डवर स्पिंडल इनेबल लिहिलेल्या पिनेत घालायचा, नाहीतर होमिंगला (मशीन टोकाला जाऊन आपली जागा शोधतं तेव्हा) झेड वरच्या टोकाला जाऊन ठोके मारत राहतो. मी स्विच एनसी (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) लावतो आणि $५ ला १ देतो, वायर तुटली तर लगेच कळतं. राउटर (बिट फिरवणारं यंत्र) चालू केल्याबरोबर हार्ड लिमिटचा अलार्म येत असेल तर स्विचची वायर राउटरच्या वायरीला बांधलेली असणार, दोन्ही वेगळ्या करा, शील्डेड केबल (वरून तारेची जाळी असलेली) घ्या आणि तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करा.

सगळं झालं की बिटच्या जागी बॉलपेन बांधा, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर १०० मिलीमीटरचा चौकोन वीस वेळा एकावर एक काढायला लावा. रेघ बारीकच राहिली तर छान. एका बाजूला सरकत जाड होत गेली तर स्क्रू सैल नाहीतर वेग झेपत नाही, अचानक एकदाच उडी मारली तर वायर. चांगलं निघालं की $$ (सगळी सेटिंग दाखवणारा हुकूम) मारून सगळे आकडे कागदावर उतरवा आणि झाकणाच्या आतून चिकटवा.

आणि पावसात लाइट जाणारच, तेव्हा अख्खं मखर एका फाइलमधे ठेवू नका, प्रत्येक पान, म्हणजे मखराचा सुटा भाग, वेगळ्या फाइलमधे ठेवा, म्हणजे गेलं तर एकच पान जाईल.