युरोपात वैद्यकीय उपकरणे पाठवताना अधिकृत प्रतिनिधी कोणाला नेमावे?

युरोपीय संघाबाहेरील उत्पादकाने वैद्यकीय उपकरणे तेथे विकण्यासाठी संघाच्या हद्दीत अधिकृत प्रतिनिधी, म्हणजे तेथे आपल्या वतीने नियामक कामे सांभाळणारी व्यक्ती किंवा संस्था, नेमलाच पाहिजे, हे या व्यवसायात येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. २६ मे २०२१ पासून लागू झालेल्या २०१७/७४५ या वैद्यकीय उपकरणांविषयीच्या युरोपीय विनियमाचे ११वे कलम त्यासाठीच आहे. खरी अडचण प्रतिनिधीची निवड करताना येते.

माल घेणाऱ्या वितरकालाच प्रतिनिधी करू नका. कायदा त्याला मनाई करत नाही आणि वितरक बहुधा हे काम विनामूल्य करायला तयार असतो, म्हणून हा मार्ग सोयीचा वाटतो. पण प्रतिनिधीचे नाव व पत्ता उपकरणाच्या लेबलवर छापावा लागतो, आणि तांत्रिक दस्तऐवजांची प्रत त्याच्याकडे उपलब्ध ठेवावी लागते. मी ज्या कंपनीत हे काम शिकलो, तेथे वितरकाशी दरांवरून बोलणी फिसकटली. दुसरा ग्राहक तयार होता, परंतु गोदामातील प्रत्येक खोक्यावर जुन्या वितरकाचे नाव होते आणि आमच्या उत्पादनाची सारी अंतर्गत माहितीही त्याच्याच हाती होती. वाटाघाटीत आमची बाजू तेव्हाच लंगडी झाली. नवी लेबले तयार होऊन नोंदी बदलेपर्यंत तयार माल पडून राहिला, आणि ते दिवस आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

म्हणून संबंध चांगले असतानाच विभक्त होण्याच्या अटी लिहून घ्याव्यात. १२व्या कलमानुसार प्रतिनिधी बदलताना उत्पादक, नवा प्रतिनिधी आणि शक्य असल्यास जुना प्रतिनिधी यांच्यात करार व्हावा लागतो. जुन्याचा अधिकार कधी संपतो, त्याचे नाव लेबलांवर कोणत्या तारखेपर्यंत चालेल आणि कागदपत्रे नव्याकडे कशी सोपवायची, हे त्यात ठरते. यांतील ‘शक्य असल्यास’ हे शब्द नीट वाचावेत. रुसलेला जुना प्रतिनिधी सही करीलच असे नाही, त्यामुळे हेच मुद्दे पहिल्या अधिकारपत्रात, म्हणजे त्याच्या नेमणुकीच्या लेखी कागदात, घातलेले बरे.

केवळ पत्ता भाड्याने देणाऱ्या स्वस्त सेवांविषयी माझे मत कठोर आहे. उत्पादकाने आपली कर्तव्ये पाळली नाहीत, तर सदोष उपकरणाबद्दल प्रतिनिधीही त्याच्याबरोबर कायद्याने जबाबदार ठरतो. एवढी जोखीम पत्करणारा माणूस अनुरूपतेची घोषणा (उपकरण नियमांनुसार असल्याचे उत्पादकाचे लेखी निवेदन) आणि तांत्रिक दस्तऐवज न पाहता सही करत असेल, तर त्याला काम कळत नाही किंवा तो अडचणीच्या वेळी उभा राहणार नाही. प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या सल्लागाराने सुचवलेले नावही पारखूनच घ्यावे. बारीक प्रश्न विचारून तुम्हाला थोडे बेजार करणारा प्रतिनिधी मला अधिक भरवशाचा वाटतो.

या साऱ्याने घाबरून जाऊ नये. कागद व्यवस्थित असतील, तर चांगला प्रतिनिधी मिळणे मुळीच अवघड नाही. त्याच्याकडे नियामक बाबींचा जाणकार कायम उपलब्ध असतो का, हे विचारा. १५व्या कलमाने ते आवश्यक केले आहे. अधिकारपत्रात उपकरणांचे गट स्पष्ट लिहा आणि त्याची लेखी स्वीकृती घ्या, कारण तिच्याशिवाय नेमणूक ग्राह्य धरली जात नाही. आयातदाराची कर्तव्ये १३व्या कलमात वेगळी सांगितली आहेत, तेव्हा त्याच्याशी करारही स्वतंत्रच करावा. लेबलांची छपाई मात्र स्वीकृतीचा कागद हाती आल्यावरच सुरू करावी.