शेपफाइल उघडली, पण वाचली का?

भूगोलात एमएस्सी करून पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा पायथन मला जेमतेम येत होतं. पहिलंच काम: पुण्याजवळच्या एका तालुक्यातल्या गावांच्या हद्दी वाचायच्या आणि क्षेत्रफळ काढायचं. मेलवर आली एकटी डॉट एसएचपी, म्हणजे शेपफाइल या नकाशाच्या डेटा-प्रकारातली एक फाइल. जिओपांडाज या नकाशाचा डेटा हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीचं रीड फाइल चालवलं, तर डॉट एसएचएक्स सापडत नाही म्हणून एरर. तासभर मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो.

शेपफाइल नावालाच एक फाइल, खरं तर ते बिऱ्हाड असतं. आकार एसएचपीत, त्यांची अनुक्रमणिका एसएचएक्समध्ये, गावाचं नाव वगैरे डीबीएफमध्ये, आणि आकडे अंशांत आहेत की मीटरमध्ये हे सांगणारी पीआरजे. त्यामुळे मागतानाच झिप मागा.

झिप आली. त्यात पीआरजे नव्हती, तरी फाइल बिनतक्रार उघडली आणि तिथेच मी फसलो. सीआरएस (आकडे कुठल्या निर्देशांक पद्धतीतले ते) छापलं तर 'नन', म्हणजे काहीच नाही. क्षेत्रफळाला यूटीएम ४३ (मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ वा झोन) लागतो एवढं ऐकून होतो, म्हणून सेट सीआरएसमध्ये त्याचा कोड ३२६४३ घातलं आणि मोकळा झालो. नकाशावर तालुका गायब! खूप मागे झूम केल्यावर सापडला, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात. निर्देशांक होते ७३.८, १८.५ असे, अंशांतले. मी सांगून बसलो होतो की हे मीटर आहेत. अख्खा तालुका हातभर जागेत मावला होता.

सेट सीआरएस नुसतं लेबल चिकटवतं, आकड्यांना हात लावत नाही. आकडे बदलतं ते टू सीआरएस. म्हणजे आधी ४३२६ चं (अंशांतल्या नेहमीच्या पद्धतीचा कोड) लेबल, मग टू सीआरएसने ३२६४३. आता कुठलीही फाइल उघडली की मी पहिल्यांदा टोटल बाउंड्स, म्हणजे डेटाच्या टोकांचे निर्देशांक, बघतो. पुण्याकडचं काम असेल आणि ७३, १८ असं काही दिसलं तर अंश. पहिला आकडा तीन-चार लाख आणि दुसरा वीस लाखांच्या घरात असेल तर यूटीएम. (नागपूरकरांनो, ७८ रेखांशाच्या पलीकडे ४४ वा झोन, म्हणजे ३२६४४.) अंश दिसले म्हणून ४३२६च असेल असंही नाही. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाच्या नकाशावरून) काढलेल्या हद्दी एव्हरेस्ट डेटम या अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या पायावर असू शकतात, तेव्हा फाइल देणाऱ्याला विचारलेलं बरं.

मराठी नावांची तऱ्हा वेगळीच. गावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसली, तर बहुधा सीपीजी फाइल (अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे ती बाइटमध्ये कशी साठवलीत, हे सांगणारी) राहिलेली असते. वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं की बऱ्याचदा 'खेड' पुन्हा 'खेड' होतं. पण लिहिताना शेपफाइल सूड उगवते. स्तंभाच्या नावाला तिच्यात १० बाइटच मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं अक्षर काय, काना-मात्रा काय, प्रत्येकी ३ बाइट खातात. 'तालुका' म्हणजे झाले १८. त्यातलं मावतं फक्त 'ताल'. म्हणून हल्ली निकाल मी जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात ठेवतो. एकच फाइल, आणि तालुका पूर्ण लिहिता येतो.