"नुसती टेस्टिंगच आहे" म्हणत तेल-गॅसवाले आले तर हरकत कशी घ्यायची

मी ऐरोलीचा, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हरकती आणि जनसुनावण्या बऱ्याच बघितल्यात. परवा उरणच्या मित्राने विचारलं की संरक्षित भागाला लागून उद्या कोणी तेल-गॅसची विहीर टेस्ट करायला आलं तर काय करायचं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी "खरा प्रोजेक्ट येऊ दे, मग बघू" हे डोक्यातून काढा. टेस्टिंग म्हणजे माती तपासणं नव्हे. रिग उभी राहते, जनरेटर रात्रंदिवस चालतो, ड्रिलिंगचा चिखल साठवायला खड्डे लागतात, टँकरसाठी रस्ता रुंद होतो आणि गॅस लागला की तो किती दाबाने येतोय हे मोजताना जाळून टाकतात, ती ज्वाळा रात्री लांबून दिसते. आणि एकदा गॅस सापडला की पैसा ओतलेला असतो, मग पुढची परवानगी अडवणं दहापट अवघड.

कायद्यातली मेख इथेच आहे. 2006 च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) नोटिफिकेशनमध्ये तेल-गॅसचा शोध आणि उत्पादन दोन्ही ए या कडक कॅटेगरीत होते, पण 16 जानेवारी 2020 ला केंद्राने शोधाचं काम बी-2 मध्ये टाकलं, म्हणजे ईआयए रिपोर्ट नाही, जनसुनावणी नाही, अर्ज राज्य पातळीवर. त्याच वर्षी 27 मे ला आसाममध्ये दिब्रू-सैखोवा नॅशनल पार्कला लागून असलेली बाघजानची विहीर फुटली, जूनमध्ये पेटली, फायर ब्रिगेडचे दोघे गेले आणि आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. ती उत्पादनातली विहीर होती हे खरं, पण जमिनीखालचा दाब टेस्टिंगच्या विहिरीतही तोच असतो.

तर तुम्हाला बोलवायला कोणी येणार नाही, तुम्हीच परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीचे अर्ज टाकतात ती सरकारी वेबसाइट) दर आठवड्याला जिल्हा टाकून बघायचं. अर्ज सापडला की पहिल्यांदा अभयारण्यापासूनचं अंतर बघा आणि गूगल अर्थवर स्वतः मोजा, हद्दीपासून मोजायचं, गेटपासून किंवा मधल्या बिंदूपासून नाही. प्रत्यक्ष अभयारण्यात काम असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली मंजुरी वेगळी लागते, ती मागितलीय का हे हरकतीच्या पत्रात थेट विचारा.

पत्र मराठीतच लिहा, पण "पर्यावरणाचा ऱ्हास होईल" असलं मोघम लिहू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही. प्रश्न असे हवेत: ज्वाळा किती दिवस, कोणत्या महिन्यात? आपल्याकडे फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात, तेव्हा रात्री उजेड करणार का? चिखल कुठे टाकणार, पाणी कुठून घेणार, गॅस लागला तर पुढे किती विहिरी? पाणथळ जागा रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) असेल तर तेही लिहा, ठाणे खाडी 2022 पासून आहे. पत्र हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेऊनच काउंटर सोडा. माझं एक पत्र "मिळालंच नाही" म्हणाले होते, तो जांभळा शिक्का दाखवला तेव्हा फाइल निघाली.

प्रकरण उत्पादनापर्यंत गेलं तर मात्र जनसुनावणी होते. 30 दिवस आधी जाहीर सूचना पाहिजे, रिपोर्टचा मराठी सारांश कलेक्टर ऑफिसात मागा. आणि शेवटपर्यंत बसा प्लीज, कारण इतिवृत्त शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. एका सुनावणीत (वेगळ्याच प्रोजेक्टच्या) मी खाडीतल्या चिखलाच्या पट्ट्याबद्दल सात मिनिटं बोललो, भरती-ओहोटीच्या वेळा दिल्या, आणि वाचताना निघालं काय, तर "पक्ष्यांबद्दल चिंता व्यक्त केली". हॉल निम्मा रिकामा झालेला, मी उभा राहून वाक्य परत सांगितलं आणि ते लिहून घेतलं. निघून गेलो असतो तर ती एकच ओळ रेकॉर्डवर राहिली असती.

मंजुरी मिळालीच तर हरित लवादाचं पुण्याचं खंडपीठ आहे, अपिलाला 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60 पर्यंत. ही मुदत पटकन उडते, म्हणून वकील शोधायचं काम हरकत दिली त्याच दिवशी सुरू करा, आणि शिक्क्याच्या प्रती, अर्जातला नकाशा, तुम्ही मोजलेल्या अंतराचा स्क्रीनशॉट, सगळं तारखेप्रमाणे एका फाइलला लावून ठेवा.